शब्बाथच्या दिवशी भोंगा वाजला तर: युद्धकाळातील ज्यू धर्मशास्त्र

प्रश्न ठाण्याहून आला आहे. विचारणाऱ्या बाईंच्या जुन्या शेजारणीचा नातू आता इस्रायलच्या लष्करात आहे, आणि बाईंना आठवते ते असे की त्या घरात शुक्रवारी दिवेलागणीनंतर, म्हणजे शनिवारी रात्रीपर्यंत चालणारा विश्रांतीचा पवित्र दिवस शब्बाथ सुरू झाला की, विजेच्या बटणालाही कोणी हात लावत नसे. त्याच घरातला मुलगा शनिवारी रणगाडा चालवतो याचा अर्थ काय लावायचा, युद्ध सुरू झाले की तुम्ही लोक धर्म तेवढ्यापुरता गुंडाळून ठेवता, की शास्त्रातच एखादी पळवाट काढून ठेवली आहे, असे त्यांनी विचारले आहे. मीही ठाण्यातच वाढलेला बेने इस्राएल आहे. गेली तीसेक वर्षे इस्रायलमध्ये हलाखा, म्हणजे तोरा या आमच्या मूळ धर्मग्रंथाच्या आज्ञांवर उभे असलेले आमचे आचारशास्त्र, शिकवतो, आणि राखीव सेवेतली बरीच वर्षे मी लष्कराच्या रब्बी विभागात काम केले आहे. माझे उत्तर असे की या दोन्हींपैकी काहीच खरे नाही. ज्या गोष्टीला बाहेरचा माणूस सूट समजतो ती हलाखेच्या दृष्टीने आज्ञाच असते, आणि आज्ञा असल्यामुळे तिला सुरुवात असते, शेवट असतो आणि मोजमापही असते.

हे एका दिवसात ठरलेले नाही, आणि ठरेपर्यंत माणसे मेली आहेत. इ.स.पू. १६७च्या सुमारास सेल्युकिड राजा अँटिओकस चौथा याने यहूदियात तोरा पाळण्यावर बंदी घातली तेव्हा काही श्रद्धाळू कुटुंबे रानातल्या गुहांत लपली. राजाच्या सैनिकांनी त्यांना शब्बाथच्याच दिवशी गाठले. शब्बाथला शस्त्र उचलायचे नाही म्हणून त्यांनी दगडसुद्धा भिरकावला नाही, गुहांची तोंडेही बुजवली नाहीत. मक्काबींच्या पहिल्या ग्रंथात मेलेल्यांचा आकडा सुमारे १००० दिला आहे. ही बातमी ऐकून वृद्ध मत्तिथ्याह आणि त्याचे साथीदार बसले आणि त्यांनी ठरवले की शब्बाथला कोणी चालून आले तर लढायचे, नाहीतर आज्ञा पाळणारेच उरणार नाहीत. पण हा निर्णयसुद्धा अपुरा पडला. इ.स.पू. ६३ मध्ये रोमन सेनापती पाँपे याने जेरुसलेमच्या मंदिराला वेढा घातला, तेव्हा ज्यू अंगावर आलेल्या माणसाशी शब्बाथलाही लढत, परंतु शत्रू नुसते मातीचे बांध रचत असेल तर हात चालवत नसत. इतिहासकार योसेफस सांगतो की रोमनांनी हे हेरले, शनिवारी हल्ला करायचा नाही, फक्त भराव घालायचा, असा क्रम ठेवला आणि त्या भरावावरून यंत्रे भिंतीला भिडवली.

तालमूद या आचार्यांच्या शास्त्रचर्चांच्या प्राचीन संग्रहातला पुढचा नियम वाचताना मला नेहमी तो भराव आठवतो. एरुवीन या भागात असे म्हटले आहे की परकीयांनी गावाला वेढा घातला आणि ते केवळ मालमत्तेसाठी आले असतील तर त्यासाठी शब्बाथ मोडू नये. जिवावर उठून आले असतील तर शस्त्रे घेऊन बाहेर पडावे. पण गाव सीमेवरचे असेल तर ते नुसत्या गवत-कडब्यासाठी आले असले तरी शस्त्रे घेऊन बाहेर पडावे आणि शब्बाथ मोडावा, कारण सीमेवरचे गाव पडले की मागचा सगळा मुलूख उघडा पडतो. बाबिलोनमधल्या ज्यूंनी नेहार्देया या आपल्या नगराला हाच दर्जा दिला होता. म्हणजे धोका कोणाच्या मानेवर आत्ता तलवार आहे एवढ्यावर मोजायचा नाही, उद्या काय होईल यावरही मोजायचा. शब्बाथला सीमेवर गस्त घालणे, रडारसमोर बसणे, तारेच्या कुंपणाला हात लागल्याची सूचना आली की गाडी काढून पाहायला जाणे, आणि तिथे बहुतेक वेळा एखादा कोल्हा निघणे, या सगळ्याचा आधार हा कडब्याचा नियम आहे.

याच्या मुळाशी ‘पिकुआख नेफेश’, म्हणजे जीव वाचवणे, हे तत्त्व आहे. लेवीय पुस्तकाच्या १८व्या अध्यायात आज्ञांविषयी म्हटले आहे की त्या पाळल्याने मनुष्य जगेल. तिसऱ्या शतकातील शमुएल या आचार्याने त्याचा अर्थ असा लावला की त्यांच्या योगाने जगायचे आहे, त्यांच्यामुळे मरायचे नाही. जेरुसलेमी तालमूद याहून कडक बोलतो. अशा प्रसंगी जो झटपट हालतो तो प्रशंसनीय, ज्या रब्बीला विचारायला यावे लागते तो निंद्य, कारण त्याने लोकांना आधीच शिकवून ठेवायला हवे होते, आणि जो विचारत बसतो तो रक्त सांडणारा. बाराव्या शतकात इजिप्तमध्ये राहणारे वैद्य आणि धर्मशास्त्री मोशे बेन मैमोन, ज्यांना आम्ही रांबाम म्हणतो, त्यांनी आणखी एक कलम घातले, जे मला फार मोलाचे वाटते. असे काम मुलांकडून किंवा परधर्मीयांकडून करून घेऊ नये. ते समाजातल्या थोर आणि विद्वान माणसांनी स्वतःच्या हातांनी करावे, म्हणजे पाहणाऱ्यांना हे पाप वाटणार नाही.

आता मोजमापाकडे येतो, कारण पळवाट आणि नियम यांतला फरक तिथेच कळतो. शास्त्रात दोन शब्द आहेत, ‘हुतरा’ आणि ‘देहुया’. पहिल्याचा अर्थ असा की जिवाच्या प्रश्नापुढे शब्बाथ जणू नाहीसाच होतो. दुसऱ्याचा अर्थ असा की शब्बाथ आहे तसाच आहे, फक्त त्याला बाजूला सारले आहे. रांबामने दुसरा शब्द वापरला, आणि लष्करी जीवनात त्याचे परिणाम रोज दिसतात. गस्तीवरचा शिपाई गाडी चालवील, बिनतारी यंत्रावर बोलेल, गरज पडली तर गोळी झाडील. पण त्याच गाडीला केवळ चौकीवर वर्तमानपत्र पोहोचवण्यासाठी दुसरी फेरी घालता येणार नाही. पहाऱ्याची नोंद लिहायलाच हवी असेल तर काही दिवसांत शाई उडून जाणारे खास पेन मिळते, कारण न टिकणारे लेखन हे शब्बाथच्या मूळ निषेधात बसत नाही. मात्र अशा युक्तीमुळे एका क्षणाचाही उशीर होत असेल तर ती युक्तीच निषिद्ध ठरते. मी तरुण शिपायांना हे शिकवत असे तेव्हा त्यांना पहिला भाग लगेच पटे, दुसरा पटवायला वेळ लागे. धार्मिक घरातला मुलगा शब्बाथला हात लावायला इतका बिचकतो की त्याला ‘आधी पळ, मग विचार’ हे अंगवळणी पाडावे लागते.

परतीचा प्रश्नही असाच. जीव वाचवायला गेलेल्या माणसाने काम झाल्यावर तिथेच थांबायचे की घरी यायचे? तालमूदमध्ये एक हकिकत आहे. पूर्वी लढून परतणारे लोक शब्बाथला शस्त्र वाहायचे नाही म्हणून तटाजवळच्या पहिल्या घरात शस्त्रे ठेवून देत. शत्रूने हे ओळखले आणि एकदा तो मागोमाग आला. शस्त्रे घ्यायला लोक त्या घरात एकदम घुसले आणि त्या चेंगराचेंगरीत शत्रूने मारले त्याहून जास्त माणसे आपसांत मेली. तेव्हापासून ठरले की परतणाऱ्याने शस्त्रासह आपल्या घरापर्यंत यावे. आधुनिक काळात न्यूयॉर्कचे रब्बी मोशे फाइनश्टाइन यांनी याच धाग्यावरून रुग्णवाहिकेच्या स्वयंसेवकांना शब्बाथला गाडीने घरी परतण्याची परवानगी दिली, कारण परतता येणार नाही असे वाटले तर पुढच्या वेळी माणूस निघायला कचरेल. जेरुसलेमचे रब्बी श्लोमो झाल्मान औएरबाख यांना ती परवानगी इतकी सैल करणे मान्य नव्हते. दोघेही आमच्या पिढीचे आधारस्तंभ होते आणि हा मतभेद आजही जिवंत आहे.

६ ऑक्टोबर १९७३ रोजी योम किपूर आणि शब्बाथ एकाच दिवशी आले होते. वर्षातला सर्वांत पवित्र दिवस, उपास, रस्त्यांवर एकही वाहन नाही, नभोवाणी बंद. दुपारी दोनच्या सुमारास भोंगे वाजले आणि राखीव दलातले लोक सिनेगॉगमधून उठून प्रार्थनेच्या शालीसकट गाड्यांत बसले. त्यांपैकी कित्येकांनी जन्मात पहिल्यांदा योम किपूरला पाणी प्यायले, आणि ते त्यांच्या रब्बींनीच प्यायला लावले, कारण उपाशी माणसाला सीमेवर पाठवणे हेही जिवाशी खेळणे आहे. ७ ऑक्टोबर २०२३ हा दिवसही इस्रायलमध्ये शब्बाथ आणि सिम्हाथ तोरा या सणाचा होता. तेव्हाही हेच घडले.

युद्धाचे प्रकार मी थोडक्यात सांगतो, कारण त्यावर लिहिलेले खूप आहे आणि रोजच्या आयुष्यात ते कमी येते. मिश्ना, म्हणजे तालमूदच्या मुळाशी असलेला नियमसंग्रह, आणि रांबाम दोन वर्ग करतात. पहिले ‘मिल्हेमेत मित्झ्वा’, म्हणजे आज्ञेचे युद्ध, ज्यात चालून आलेल्या शत्रूपासून लोकांना सोडवणे येते. दुसरे ‘मिल्हेमेत रेशूत’, म्हणजे राजाने राज्य वाढवण्यासाठी केलेले ऐच्छिक युद्ध, ज्याला ७१ जणांच्या सान्हेद्रीन न्यायसभेची संमती लागे. आज ना तो राजा आहे, ना ती न्यायसभा, म्हणून बहुतेक अधिकारी दुसऱ्या प्रकाराचे दार बंद झाले आहे असे मानतात. ध्यानात घ्यायची गोष्ट ही की जवळजवळ दोन हजार वर्षे आमच्याकडे ना राजा होता, ना फौज. इतर राजांच्या फौजांत आमचे लोक शिपाई होते, जसे मुंबई इलाख्याच्या पलटणीत बेने इस्राएल सुभेदार होते. रांबामने राजधर्माची सगळी कलमे लिहिली तेव्हा ती लागू करणारा एकही ज्यू राजा पृथ्वीवर नव्हता. १९४८ नंतर ती पाने फडताळातून काढावी लागली, आणि इस्रायली लष्कराचे पहिले मुख्य रब्बी श्लोमो गोरेन यांच्यावर त्यातले बरेचसे काम पडले.

ऐच्छिक युद्धातून कोणी घरी परतावे याची अनुवाद पुस्तकाच्या २०व्या अध्यायात यादी आहे: ज्याने नवे घर बांधले पण त्यात राहायला गेला नाही, ज्याने द्राक्षमळा लावला पण फळ चाखले नाही, ज्याचा वाङ्निश्चय झाला पण लग्न झाले नाही, आणि शेवटी जो भित्रा आहे तो. रब्बी अकिवा म्हणतात, भित्रा म्हणजे खरोखरच उपसलेली तलवार पाहू न शकणारा. गालीलचे रब्बी योसे म्हणतात, भित्रा म्हणजे ज्याला आपल्या हातून घडलेल्या पापांची भीती वाटते तो; आणि घर, मळा, बायको ही कारणे तोराने मुद्दाम दिली, म्हणजे हा माणूस रांगेतून बाहेर पडला तरी लोकांना वाटावे की याचे घर नवे असेल. माणसाची लाज झाकण्यासाठी इतकी व्यवस्था केलेले लष्करी कलम मी दुसरीकडे वाचलेले नाही. परतलेल्यांनीही रिकामे बसायचे नाही; फौजेला पाणी आणि अन्न पुरवायचे, रस्ते दुरुस्त करायचे. आज्ञेच्या युद्धात मात्र यातले काहीच चालत नाही. मिश्नाच्या शब्दांत नवरदेव आपल्या खोलीतून आणि वधू आपल्या मंडपातून उठून निघते. आज इस्रायलमध्ये हरेदी, म्हणजे अतिसनातनी, धर्मविद्यार्थ्यांच्या सैन्यभरतीवरून जो वाद पेटला आहे, आणि ज्यात सर्वोच्च न्यायालयाने २५ जून २०२४ रोजी भरती करावी असा निकाल दिला, त्यात एक बाजू हे वाक्य आणि ‘तुमचे भाऊ युद्धाला जातील आणि तुम्ही इथे बसाल काय?’ हा मोशेचा सवाल पुढे करते. दुसरी बाजू लेवी वंशाला युद्धातून वगळणारे रांबामचे वचन पुढे करते. माझे मत पहिल्या बाजूला आहे, हे लपवण्यात अर्थ नाही.

लढाई कशी लढावी याविषयी तीन गोष्टी मुळातच सांगितल्या आहेत. कोणत्याही नगरावर चालून जाण्याआधी तहाचा निरोप पाठवावा. वेढ्याच्या वेळी फळझाडे तोडू नयेत, कारण ‘शेतातले झाड हा काही माणूस आहे काय’ की त्याला वेढा घालावा. याच आज्ञेतून पुढे कपडे, भांडी, झरे, कशाचीही उगाच नासधूस करू नये हा व्यापक नियम निघाला. आणि वेढा तीन बाजूंनी घालावा, चौथी बाजू पळणाऱ्यांसाठी मोकळी ठेवावी. हा तिसरा नियम मिद्यानांवरच्या स्वारीच्या वर्णनातून काढलेला आहे. तेराव्या शतकातील नाख्मानिडीझ यांनी त्याची गणना स्वतंत्र आज्ञांत केली आणि कारण दिले की शत्रूशीही युद्धाच्या काळात दयेने वागायला आपण शिकावे, शिवाय वाट मोकळी असेल तर तो जिवावर उदार होऊन लढणार नाही. १९८२च्या उन्हाळ्यात इस्रायली फौजेने पश्चिम बैरूतला वेढा घातला तेव्हा रब्बी गोरेन यांनी जाहीरपणे लिहिले की एक बाजू उघडी ठेवलीच पाहिजे. रब्बी शाऊल यिस्राएली यांनी त्याला लेखी उत्तर दिले. शत्रूची लढण्याची शक्ती मोडणे हाच ज्या वेढ्याचा हेतू आहे त्याला हा नियम लागत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मला गोरेन यांचा पक्ष बळकट वाटतो. पण याहून महत्त्वाचे हे की तोफा चालू असताना दोन रब्बी एका जुन्या वचनावरून आजच्या शहराविषयी वाद घालत होते, आणि कोणीही म्हणत नव्हते की हा प्रश्न शास्त्राचा नाही.

शत्रुपक्षाच्या सामान्य माणसांविषयी आमच्या रब्बींत एकमत आहे असे मी सांगितले तर ते खोटे ठरेल. काहींनी जुन्या वचनांचा इतका कठोर अर्थ लावला आहे की इतर रब्बींना उघडपणे त्याचा निषेध करावा लागला. मी माझ्या विद्यार्थ्यांना दोन ठिकाणे दाखवतो. पहिले, पाठलाग करणाऱ्या मारेकऱ्याचा नियम: त्याला मारून दुसऱ्याचा जीव वाचवणे कर्तव्य आहे, पण त्याचा हात किंवा पाय जायबंदी करून भागत असताना ठार केले तर तो खून. दुसरे, याकोब आपला वैरी झालेला भाऊ एसाव याला भेटायला निघतो तो प्रसंग. तिथे ‘तो भ्याला आणि व्याकूळ झाला’ असे दोन शब्द आहेत, आणि राशी हे भाष्यकार सांगतात की आपण मारले जाऊ म्हणून तो भ्याला आणि आपल्या हातून दुसरे मारले जातील म्हणून व्याकूळ झाला. मारणे न्याय्य असतानाही व्याकूळ व्हावे, हे त्या दुसऱ्या शब्दाचे काम आहे.

जीव वाचवण्याच्या नियमालाही एक भिंत आहे, आणि ती लोद गावात घातली गेली, जिथे आज आपले कितीतरी मराठी बोलणारे बेने इस्राएल राहतात. रोमनांच्या छळाच्या काळात नित्झा नावाच्या माणसाच्या माडीवर जमून आचार्यांनी ठरवले की बाकी सगळ्या आज्ञा जिवासाठी मोडाव्यात, पण मूर्तिपूजा, निषिद्ध लैंगिक संबंध आणि मनुष्यहत्या या तीन बाबतींत मरावे पण मोडू नये. एका माणसाने रावा या आचार्याला विचारले होते की गावचा अधिकारी म्हणतो अमक्याला ठार कर, नाहीतर तुला ठार करतो. रावा म्हणाला, मर, पण मारू नको; तुझे रक्त जास्त लाल आहे असे कोण म्हणाले? याच कुळातला दुसरा नियम असा की शत्रूने ‘तुमच्यातला एक द्या, नाहीतर सगळ्यांना मारतो’ असे म्हटले तरी एक इस्राएली जीव हाती देऊ नये. ऑक्टोबर १९४१ मध्ये लिथुआनियातील कोव्नोच्या घेट्टोत हा नियम अक्षरशः दारात येऊन उभा राहिला. गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, हुकूम दिला की सर्वांनी २८ तारखेला चौकात जमावे. हुकूम लावायचा की नाही, असे घेट्टोच्या ज्यू मंडळाने वृद्ध आणि आजारी मुख्य रब्बी अव्राहाम शापिरो यांना रात्री जाऊन विचारले. त्यांनी ग्रंथ पाहायला वेळ मागितला, आणि नंतर सांगितले की संपूर्ण समाजावर नाशाचे संकट आहे आणि काही जण वाचवण्याचा मार्ग असेल तर पुढाऱ्यांनी धीर धरून तो घ्यावा. चौकात जमल्याच्या दुसऱ्या दिवशी नवव्या किल्ल्यावर सुमारे ९,२०० लोकांना मारण्यात आले. त्या निर्णयावर आज खुर्चीत बसून मत देणे मला जमत नाही, आणि वर्गात कोणी देऊ लागला तर मी थांबवतो.

माझा स्वतःचा सर्वांत जास्त वेळ ज्या प्रश्नांत गेला ते रणांगणावरचे नव्हते, घरातले होते. नवरा युद्धावर गेला, परतला नाही, प्रेतही मिळाले नाही. ही स्त्री विधवा की सवाष्ण? हलाखेनुसार विवाह मृत्यूने किंवा ‘गेट’ या घटस्फोटपत्राने सुटतो, नुसत्या गैरहजेरीने कधीच सुटत नाही, मग वर्षे कितीही जावोत. अशा अडकून पडलेल्या स्त्रीला ‘अगुना’ म्हणतात, म्हणजे जहाजाच्या नांगराला बांधल्यासारखी जखडलेली. एरवी शास्त्र तिच्याशी फार उदार आहे: दोन साक्षीदारांचा नेहमीचा आग्रह सोडून एकाच माणसाची साक्ष पुरते, स्त्रीची पुरते, परधर्मीय माणूस सहज बोलून गेला असेल तर तेही पुरते, आणि पत्नीने स्वतः सांगितले तरी मानतात. पण मिश्ना इथे एक चमत्कारिक वाटणारी अट घालते: जगात शांतता असेल तर पत्नीच्या शब्दावर विश्वास ठेवावा, युद्ध असेल तर ठेवू नये. कारण ती खोटे बोलते असे नाही. इतके लोक पडले, तो तरी कसा वाचेल, अशा अंदाजाने ती मेला असे समजून चालते.

म्हणून दावीद राजाच्या घराण्याच्या युद्धांवर जाणारा प्रत्येक जण आधी बायकोला घटस्फोटपत्र लिहून देई, असे तालमूदमध्ये म्हटले आहे. राशींच्या मते ते सशर्त असे, म्हणजे मी मेलो तर आजपासून तू मोकळी. त्यांचे नातू रब्बेनू ताम यांच्या मते ते बिनशर्तच असे, फक्त गुपचूप दिलेले. आजचे लष्कर दुसऱ्या बाजूने काळजी घेते. गळ्यातले ओळखबिल्ले, बोटांचे ठसे, दातांची नोंद हे सारे जसे प्रशासनाला लागते तसे ते रब्बीच्या न्यायासनालाही पुरावा म्हणून लागते. १९७३च्या युद्धानंतर सेफार्दी मुख्य रब्बी ओवादिया योसेफ यांच्या देखरेखीखाली अशी शेकडो प्रकरणे एकेक करून तपासली गेली, आणि त्या स्त्रियांना पुन्हा लग्न करण्याची मोकळीक मिळाली.

त्याआधीचे दाकार पाणबुडीचे प्रकरण मी दर वर्षी शिकवतो. पोर्ट्‌समथहून हैफाला निघालेली ही पाणबुडी २५ जानेवारी १९६८ रोजी ६९ जणांसह भूमध्य समुद्रात नाहीशी झाली. अवशेष नाहीत, तेलाचा तवंग नाही, साक्षीदार नाही. मिश्नाचा नियम स्त्रियांच्या विरुद्ध होता: ज्याचा किनारा चारी बाजूंनी दिसतो अशा पाण्यात माणूस बुडाला तर पत्नी मोकळी, पण ‘ज्याला अंत नाही’ अशा पाण्यात बुडाला तर नाही, कारण तो कुठेतरी वर आला असेल. या नियमामागे एक गोष्ट आहे. रब्बान गमलीएल यांनी समुद्रात एक गलबत फुटताना पाहिले आणि त्यावरच्या रब्बी अकिवांसाठी शोक केला. किनाऱ्याला उतरतात तो अकिवा समोर बसून शास्त्रचर्चा करत आहेत. वाचलात कसे, असे विचारल्यावर ते म्हणाले, एक फळी हाती लागली, आणि येणाऱ्या प्रत्येक लाटेपुढे मी डोके लववले. प्रश्न असा होता की बंद लोखंडी पाणबुडीत, खोल पाण्यात, ती फळी कोणाला मिळू शकते का, आणि मिळाली असती तर आजच्या दळणवळणात त्याचा पत्ता लागल्याशिवाय राहिला असता का. रब्बी गोरेन यांनी नाही असे उत्तर दिले आणि पत्नींना मोकळे केले. मे १९९९ मध्ये क्रीट आणि सायप्रसच्या दरम्यान, जवळजवळ ३,००० मीटर खोलीवर, पाणबुडीचे अवशेष सापडले. तोवर एकतीस वर्षे झाली होती. पुराव्याची वाट पाहत बसले असते तर त्या तरुण मुलींचे आयुष्य तेवढ्यात संपले असते.

कैद्यांविषयीही शास्त्र एका हाताने ढकलते आणि दुसऱ्याने आवरते. रांबाम लिहितात की कैद्याला सोडवण्याइतके मोठे पुण्य नाही, आणि ते नुसते लिहून थांबले नाहीत. ११६८ मध्ये क्रूसेडरांनी इजिप्तमधले बिल्बेस जिंकून तिथले ज्यू पकडले तेव्हा खंडणीसाठी वर्गणी गोळा करण्यात ते पुढे होते, आणि त्यांच्या सहीचे तसे पत्र कैरोच्या जुन्या सिनेगॉगमधल्या कागदांत सापडले आहे. पण मिश्ना म्हणते, कैद्याला त्याच्या मोलापेक्षा जास्त देऊन सोडवू नये, नाहीतर पकडणाऱ्यांना चटक लागते. रोथेनबुर्गचे रब्बी मेईर यांना जर्मन राजा रूडॉल्फने १२८६ मध्ये कैद केले. परंपरा सांगते की त्यांनी आपल्यासाठी मोठी खंडणी देऊ दिली नाही. ते १२९३ मध्ये कैदेतच वारले आणि १३०७ मध्ये एका श्रीमंत माणसाने पैसे भरून त्यांचे शव सोडवले. जून १९७६ मध्ये युगांडातल्या एंटेबीला विमान पळवून नेले आणि ओलिसांच्या बदल्यात तुरुंगातले कैदी मागितले तेव्हा रब्बी ओवादिया योसेफ यांच्यापुढे हाच प्रश्न आला. त्यांचा कौल असा की ओलिसांवरचा धोका समोर उभा आहे आणि सोडलेल्या कैद्यांकडून पुढे होणारा धोका संभवनीय आहे, म्हणून देवाणघेवाण करता येईल; ४ जुलैच्या इस्रायली फौजेच्या छाप्याने ती वेळ आली नाही. २०११ मध्ये गिलाद शालीत या एका शिपायासाठी १,०२७ कैदी सोडले गेले तेव्हा, आणि २०२३नंतर गाझातल्या ओलिसांच्या वेळी पुन्हा, रब्बींची दोन्ही बाजूंना मते पडली. मुंबईला याची एक खूण आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले सामाजी हसाजी दिवेकर टिपूच्या कैदेतून सुटून आले आणि कैदेत केलेल्या नवसाप्रमाणे त्यांनी १७९६ मध्ये मांडवी भागात शहरातले पहिले सिनेगॉग बांधले, असे आमच्यात सांगतात. त्याचे नाव शाअर हारहमीम, म्हणजे दयेचे द्वार.

शेवटी बाईंच्या शेजारणीच्या कामाचे. त्या अश्दोदला असतात असे कळते. तिथे भोंगा वाजल्यावर आडोशाला पोहोचायला ४५ सेकंद मिळतात. शब्बाथला भोंगा ऐकू येईल अशी व्यवस्था आधीच सुरू ठेवावी. युद्धकाळात नभोवाणीवर एक मूक वाहिनी असते, जी फक्त इशाऱ्याच्या वेळी बोलते. नातवंडाला उचलून, चष्मा, औषधे जे लागेल ते घेऊन पळावे. शब्बाथच्या मेणबत्त्या लहान लावाव्यात आणि काचेत ठेवाव्यात, म्हणजे पेटत्या सोडून जाता येईल. उभ्याने करायच्या प्रार्थनेत राजाने कुशल विचारले किंवा टाचेला साप गुंडाळला तरी थांबू नये असे मिश्ना म्हणते, पण विंचू असेल तर थांबावे असे तालमूद सांगतो, आणि भोंगा हा विंचूच. खंड इतका पडला की तेवढ्यात सगळी प्रार्थना म्हणून झाली असती, तर पुन्हा पहिल्यापासून म्हणावी. आणि शनिवारी दुपारी नातवाचा फोन आला नाही म्हणून घाबरू नये. रणगाडा चालवणे ही त्या दिवशी त्याच्यावर आज्ञा असेल, पण ‘आजी, मी ठीक आहे’ एवढे सांगण्यासाठी फोन लावणे सहसा त्या आज्ञेत बसत नाही. आजीला हृदयविकार असेल आणि काळजीने जिवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी, आणि मग ते त्याच्या रब्बीला आधीच सांगून ठेवावे. नाहीतर आकाशात तीन तारे दिसून शब्बाथ संपला की तो स्वतःच फोन करील.